जवळ का लांब

घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं?' म्हणून विचारू नये, एवढं मलाही ठाऊक होतं. आमच्या सांगलीकडंही कुणी तसं विचारलं की आई डोळे वटारायची. अगदीच राहवलं नाही तर 'जवळ का लांब?' असं विचारावं, म्हणजे जाणाऱ्याच्या कामात खोट येत नाही. पण आमच्याकडं प्रकरण डोळे वटारण्यावर भागायचं. वऱ्हाडात, अनसिंगला, माझे घरमालक होते, त्यांच्याकडं ते तेवढ्यावर भागत नसे. निघताना कुणी 'कुठं' विचारलं की ते किल्ली फिरवून गाडी बंद करत, खाली उतरत, पाय धुऊन घरात येत, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, चहा मांडायला सांगत, तो सावकाश पीत, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजत आणि मग पुन्हा पहिल्यापासून निघत. एका शनिवारी दूधवाला, पोस्टमन आणि मी अशा तिघांनी ओळीनं विचारलं. तीन चहा झाले. फाटकाबाहेर पडेपर्यंत दुपार झाली होती आणि त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली होती, पण नियम म्हणजे नियम.

सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणे. चौतीस वर्षं डेपोत बस दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अंगात खाकी शर्ट, खिशात पेन्सिलचा तुकडा आणि नखांत काळं. बोलणाऱ्याचं ऐकताना ते मान तिरकी करून कान पुढं करत आणि डोळे मिटून घेत. पहिल्या भेटीत मला वाटलं यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून बोलायला लागलो. ते म्हणाले, 'साहेब, आवाज वाढवू नका. कुठं खडखडते तेच ऐकून राह्यलो.'

बँकेनं माझी बदली अनसिंगला केली तेव्हा मी मनातल्या मनात बऱ्याच जणांचा उद्धार केला होता. मला माझी गादी, माझी उशी आणि डोक्यावर पंखा लागतो. धाडस हा शब्द मी शाळेत शुद्धलेखनात लिहिला असेल तेवढाच. अशा माणसाला मिस्तरींच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाव्यात हा नशिबाचा चावटपणा होता. कारण मिस्तरी दर शनिवारी सकाळी एक जुना छोटा ट्रक घेऊन जंगलाकडच्या कच्च्या वाटांनी निघून जात आणि रविवारी संध्याकाळी पाचला परत येत. पाच म्हणजे पाच. चौतीस वर्षं डेपोच्या वेळापत्रकात काढलेला माणूस तो. रविवारी संध्याकाळी फाटक वाजलं की काकू घड्याळ न बघता दिवा लावायच्या.

त्या ट्रकनं आधीच्या जन्मी हळद वाहिली होती. मिस्तरींनी तो भंगारात जाता जाता उचलला, इंजिन खोलून नवं केलं, हौद्यावर लोखंडी कमानी टाकून ताडपत्री ओढली, आत एक बाज साखळीनं बांधली, दुसरी घडी घालून ठेवायची, कडेला पाण्याचे दोन कॅन आणि गोवऱ्यांचं पोतं. सगळं झालं, पण कितीही धुतला तरी हळदीचा वास जाईना. बँकेच्या सुट्टीच्या शनिवार-रविवारी त्यात झोपून आलो की सोमवारी बँकेत माझ्या शर्टाला तो यायचा आणि आमचा हेड कॅशियर न चुकता विचारायचा, साहेब, लग्न ठरलं का. बिनलग्नाच्या माणसाला ही थट्टा महिन्यातून दोनदा पचवावी लागे.

मी त्यांच्याबरोबर जायला लागलो त्याचं कारणही त्यांचंच निदान होतं. डिझेलच्या नळीत हवा अडकली की इंजिन नुसतं फुरफुरतं, चालू होत नाही. मेकॅनिक लोक त्याला 'एअर धरली' म्हणतात. एका शुक्रवारी मी बँकेतून वैतागून आलो आणि जिन्यात बसून राहिलो. मिस्तरी समोर येऊन उभे राहिले, मान तिरकी केली, माझा श्वास ऐकला आणि म्हणाले, 'तुमी एअर धरली, साहेब. उद्या चला, काढून देतो.' नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो आणि सवयीनं विचारलं, कुठं जायचंय? झालं. किल्ली, पाय धुणं, चहा, पाच मिनिटं. पुन्हा बसलो तेव्हा शहाणा होऊन विचारलं, जवळ का लांब? ते म्हणाले, 'जवय.' वऱ्हाडात कित्येकांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो हे एव्हाना मला कळलं होतं. जवळ म्हटल्यावर मी निश्चिंत झालो, उशी वरच ठेवली, पाण्याची बाटलीही घेतली नाही. साडेतीन तास आम्ही चाललो होतो. मंगरूळपीर गेलं, कारंजा गेलं, धनजही मागं पडलं. डांबर संपलं, मग मुरूम संपला, मग नुसती बैलगाडीची चाकोरी राहिली. माझ्या पाठीचा मणका न् मणका वेगळा मोजता येत होता. एका ई-क्लासच्या माळावर, म्हणजे सरकारी गायरानावर, जंगलखात्याच्या हद्दीचा दगड दिसला तशी त्यांनी गाडी थांबवली.

मी विचारलं, याला तुम्ही जवळ म्हणता? त्यांना प्रश्नच कळला नाही. इथं ते आधी दोनदा येऊन गेले होते. 'पाह्यलेल्या जागेले लांब कसं म्हनाव?' ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते 'लांब' म्हणाले. मी मच्छरदाणी, दोन उशा, टॉर्च, अमृतांजनची बाटली, सगळं बांधलं. सोमवारी यायला उशीर होईल म्हणून बँकेत सांगून ठेवलं. वीस मिनिटांत गाडी एका टेकाडाच्या मागं थांबली. उतरून पाहतो तर अनसिंगची पाण्याची टाकी दिसत होती. त्या टेकाडामागं ते कधी गेले नव्हते, म्हणून ते लांब. रात्रभर मी दोन उशांवर झोपून गावातल्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकलं.

असं त्यांचं माप होतं. पाहिलेलं ते जवळ, न पाहिलेलं ते लांब. हे मला समजायला दोन वर्षं लागली, आणि समजलेलं ऐन वेळी विसरायला एक मिनिट पुरलं. ते पुढं सांगतोच.

जागेवर पोचल्यावर त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी उतरून सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, जमीन ठोकून पाहायची, चाक रुतेल का. मग गाडी वळवून तिचं तोंड घराकडं करायचं, आणि मगच इंजिन बंद. हद्दीच्या दगडापलीकडं ते पायीसुद्धा जात नसत. 'तिकडं जनावराईचं घर हाये. आपून दारात बसाव.' चुलीला काटकीसुद्धा तिथली घ्यायची नाही, गोवऱ्या घरून आणलेल्या. त्या गोवऱ्यांच्या आरात ते रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत आणि वांग्याची भाजी करत. ती भाजी काकूंपेक्षाही चांगली व्हायची. हे मी काकूंना कधी सांगितलं नाही. जेवण होईतो एक शब्द बोलत नसत. का, तर 'इंजन बंद केल्याशिवाय मानूस ऐकू येत नाई.' मी पहिल्या खेपेला अर्धा तास शांत बसलो आणि मला माझ्या डाव्या कानात एक बारीक घर्रघर्र ऐकू आली. घाबरून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ती रोजच असते, साहेब, तुम्ही आज ऐकली.

या माणसाला कसल्याच अपशकुनाची भीती नव्हती. घरात बुद्धाची मूर्ती, पौर्णिमेला वंदना, बाकी देव-देवस्की बंद. मांजर आडवं गेलं की ते गाडी थांबवत ती मांजराला रस्ता द्यायला. एकदा एका ट्रकवाल्यानं इंजिन बघायला आणलं तर बॉनेटखाली बांधलेलं लिंबू-मिरची त्यांनी सोडवलं, लिंबाचं सरबत त्याच्या देखत प्यायले आणि मिरच्या काकूंकडं ठेच्याला पाठवल्या. ट्रकवाला पांढराफटक. आणि हाच माणूस 'कुठं' शब्दाला मात्र सापासारखा बिचकायचा. मी एकदा छेडलं, ही कुठली अंधश्रद्धा? ते म्हणाले, ही अंधश्रद्धा नाही, शिस्त आहे. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'लग्न होऊन आली तवापासून मी इचारलं नाई. सदतीस वर्सं झाले. आता जीभच वळत नाई.'

खरं कारण मला कळलं ते इंझोरीच्या माळावर. दिवस मावळत होता, मिस्तरी कणीक मळत होते, आणि इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांना एक थोरला भाऊ होता. त्यांचं जन्मगाव अनसिंगपासून नऊ-दहा किलोमीटरवर. भाऊ वीस-एक वर्षांचा, मिस्तरींना नुकतं मिसरूड फुटत होतं. सुगी संपल्यावर गावातले लोक कामाला बाहेर पडायचे, तसा एका सकाळी भाऊ गाठोडं घेऊन निघाला. उंबऱ्यात मिस्तरींनी विचारलं, 'दादा, कुठं जातं?' भावानं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं मिस्तरींच्या मुस्काटात मारली. निघत्या माणसाला कुठं म्हणतोस? भाऊ हसला, येतो म्हणाला, आणि गावामागच्या खिंडीतून गेला. तो परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. वडील अकोल्याला शोधून आले, नांदेडला शोधून आले, मग थांबले. शोधायचं तर कोणत्या गावाला?

'मायनं मले कधी बोल लावला नाई,' मिस्तरी म्हणाले. 'पन कोनी घरातून निंघालं का ती मले मागच्या दारी पाठवे. मरेलोक. लगन झाल्यावरबी.'

माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली होती, पण ती बोलण्याइतका मी मोठा नव्हतो. त्या खिंडीत तुम्ही नंतर गेला असाल ना, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले, 'नाई. जिल्ह्यातली एक वाट सोडली नाई मी, पन ती धरली नाई.' आणि रोडगे आरात टाकले.

ज्या शनिवारची गोष्ट सांगायची आहे तो होळीच्या आधीचा. शेतात हळद शिजवायला सुरुवात झाली होती. माझी पाठ धरली होती, म्हणून मी जाणार नव्हतो. फाटकाशी उभा राहून विचारलं, जवळ का लांब? मिस्तरी नेहमी चटकन उत्तर देत. त्या दिवशी स्टिअरिंगवर हात ठेवून जरा बसले. मग म्हणाले, 'लांब.' काकूंनी दोन दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काडेपेटीत घालून दिल्या होत्या. ती त्यांनी वरच्या खिशात टाकली आणि गेले.

रविवारी पाच वाजले. फाटक वाजलं नाही. सहा वाजले, सात वाजले. काकूंनी दिवा लावला नाही. मी फोन करत राहिलो, पण जंगलात ते फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवत. रात्री कुणी जेवलं नाही. सकाळी डेपोतले त्यांचे दोन जुने सोबती आले, शेजारचा टेम्पोवाला आला. सगळ्यांनी एकच विचारलं, कुठं गेले? ते कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांकडं गेलो तर तिथंही साहजिकच तोच प्रश्न आला, आणि काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा कुठं गेला हे सांगता येऊ नये, याची लाज त्यांच्या मानेत दिसत होती. तेव्हा मी पुढं झालो आणि ठासून सांगितलं, ते लांब गेलेत, मला स्वतः म्हणाले.

झालं. टेम्पोवाला धनजकडं सुटला. दोघं सोबती मोटरसायकलनं इंझोरीकडं गेले. सगळी शोधाशोध जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या एका शब्दावर. मी आणि काकू ओसरीवर फोनपाशी बसलो. काकूंच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. 'काल रातीची शेवटची,' त्या म्हणाल्या. 'आज सकायची नाई त्याईच्यापाशी.' हे त्यांनी चार-पाच वेळा तरी सांगितलं असेल.

दुपारी एकच्या सुमाराला इंझोरीहून फोन आला. सोबती सांगत होता, इथं नाहीत, चहावाला मिस्तरींना चांगला ओळखतो, दर साली दोनदा येतात म्हणतो, पण या खेपेला आलेच नाहीत. मी बरं म्हणून फोन ठेवला. जिथला चहावाला ओळखतो ती जागा मिस्तरी लांब कशी म्हणतील? इंझोरी त्यांच्या लेखी जवळ होतं. धनज जवळ होतं. मी साऱ्या माणसांना जवळच्या जागी पाठवून बसलो होतो. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

काकूंना विचारलं, जिल्ह्यात त्यांनी न पाहिलेलं आता काय उरलंय? त्या म्हणाल्या, 'काय उरन, साहेब? सारं पालथं घातलं.' आणि बोलता बोलता त्या थांबल्या. मीही थांबलो. आम्हा दोघांना एकदमच सुचलं असावं, कारण मी स्कूटरची किल्ली घ्यायला वर धावलो तर खाली येईतो काकू पाण्याची बाटली, गोळ्यांचं पाकीट आणि फडक्यात दोन भाकरी बांधून फाटकाशी उभ्या होत्या.

त्यांच्या जन्मगावाला नवा रस्ता झाल्यापासून खिंडीची वाट पडीक होती. गुरंसुद्धा तिकडं जात नाहीत, असं वेशीवरच्या माणसानं सांगितलं. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, त्याकडं बघायला मला सवड नव्हती. स्कूटर दगडांवरून उड्या मारत होती आणि काकूंनी मागून माझा शर्ट मुठीत धरला होता. एके ठिकाणी वाट फुटली, एक वर, एक खाली नाल्याकडं. मी इंजिन बंद केलं. मिस्तरी म्हणायचे म्हणूनच केलं असेल. दोघं उभे राहिलो. काहीच ऐकू येईना. आणि मग खालून, नाल्याच्या अंगानं, हॉर्न वाजला. तीनदा. मग गप्प.

'दोन वाजले,' काकू म्हणाल्या. 'डूटी बदलली.' डेपोत पाळी बदलायची ती वेळ. आणि त्या चप्पल हातात घेऊन नाल्याकडं पळत सुटल्या. साठीच्या बाईला मी इतक्या जोरात पळताना पाहिलेलं नाही.

गाडीचं तोंड घराकडं होतं. हौद्यात बाजेवर मिस्तरी बसले होते. डाव्या पायाच्या घोट्याला दोन्ही बाजूंनी नट आवळायचे लांब पाने लावून वरून रुमालानं करकचून बांधलं होतं. पाय सुजून काळा-निळा झाला होता. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती, पण माणूस धड होता. आम्हाला पाहून ते म्हणाले, 'आले का. क्लच दाबता येत नव्हता.'

मी तिथंच दगडावर बसलो आणि मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. काकू रडल्या नाहीत. त्यांनी आधी गोळी दिली, मग पाणी दिलं, मग कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग पिठाच्या डब्याचं झाकण उघडं का ठेवलं, मुंग्या झाल्या, म्हणून चांगलं फैलावर घेतलं. मिस्तरींनी निमूट ऐकून घेतलं.

शनिवारी गाडी लावल्यावर ते सब्बल घेऊन आणखी थोडं पुढं पायी गेले होते. दगड निसटला आणि घोटा मोडला. सरपटत परत यायला दिवस मावळला. त्या खिंडीत फोनला रेंज नव्हती. हॉर्न दिवसातून तीनदा, पाळीच्या वेळेला, दर वेळी तीनदाच वाजवला. मी म्हटलं, अहो, सतत का नाही वाजवला, कुणीतरी ऐकलं असतं. ते म्हणाले, जनावरं बिथरतात, त्यांनी काय केलंय. मला हसावं का चिडावं कळेना.

काकूंनी भाकरी सोडली. खाता खाता मिस्तरी मध्येच थांबले आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

'दोन रोज इथं बसलो, साहेब. मनात एकच. ही मले शोधन तं कुठं शोधन? हिले तं काईच मालूम नाई. तवा समजलं मले.' त्यांनी हातातला तुकडा फडक्यावर ठेवला. 'दादानं तोंड उघडलं होतं. तो सांगनार होता. मायनं मारलं म्हून राह्यलं. मी इचारलं ते चुकलं नव्हतं. त्याचं उत्तर राह्यलं, ते चुकलं.'

हेच इंझोरीच्या माळावर माझ्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हा मी बोललो नाही ते बरं झालं, असं मला आजही वाटतं. माझ्या तोंडून ते नुसतं शहाणपण झालं असतं.

परतीचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मला कार थोडीफार येत होती, ट्रक कधी चालवला नव्हता. क्लच मी दाबायचा, गिअर शेजारी बसून मिस्तरींनी टाकायचा, असा तह झाला. ते 'दाबा' म्हणत, मी दाबी. ते 'सोडा' म्हणत आणि गाडी गचका खाऊन उडी मारी. मागं हौद्यात काकू बाजेची साखळी धरून बसल्या होत्या. गाडी घेतल्यापासून त्या पहिल्यांदाच तिच्यात बसत होत्या. रेंज आली तशी मी सगळ्यांना फोन केले. टेम्पोवाल्यानं धनजहून मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शिव्या देता देता तोही हसत होता. माझ्या अंगातला दोन दिवसांचा ताण असा उतरला की दवाखान्याच्या बाकावर मी बसल्या बसल्या झोपलो. उशी नव्हती, पंखा नव्हता.

पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता. ते दोन महिने मिस्तरींनी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची इंजिनं आणि छात्या तपासण्यात काढले. एक मात्र नवीन होतं. घरातून कुणीही निघालं की ते उठून, कुबडी टेकत, पुढच्या दारात येऊन उभे राहत.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, त्यानंतरचा पहिला शनिवार. गाडी अंगणात सुरू होऊन उभी होती. मिस्तरी स्टिअरिंगवर, काकू उंबऱ्यात, मी फाटक उघडून धरलेलं. गाडी हलेना. मला वाटलं क्लच दाबताना पाय दुखत असेल. काकूंनी नेहमीसारखं विचारलं, 'जवय का लांब?'

'तसं नाई,' मिस्तरी म्हणाले. 'इचार.'

'काय इचारू?'

'कुठं म्हून इचार.'

मला राहवेना, मीच विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात दाखवून मला थांबवलं. तुम्ही नाही साहेब, तिनं विचारलं पाहिजे. काकूंनी पदर तोंडाला लावला. मान हलवली. नाही म्हणाल्या. मिस्तरी गाडी सुरू ठेवून बसून राहिले. फाटक धरून माझा हात अवघडला होता.

शेवटी काकू म्हणाल्या, 'कुठं जाता?' इतक्या हळू, की इंजिनाच्या आवाजात मला नुसते ओठ हललेले दिसले. पण मिस्तरींना ऐकू आलं.

त्यांनी सगळं सांगितलं. खिंडीची वाट, नाल्याकडचा फाटा, फाट्यावरचा पळस, गाडी कुठं लावणार, उद्या कोणत्या रस्त्यानं, किती वाजता परत. एस.टी.च्या फलाटावर थांबे वाचून दाखवावेत तसं, एकही न गाळता. काकू एकेक गोष्ट पुटपुटत पाठ करत होत्या. सांगून झालं तशी मिस्तरींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरले, नळावर पाय धुतले आणि ओसरीवर येऊन बसले.

'मांड आता चा,' ते म्हणाले.

कारण विचारलं तर होतंच ना. आम्ही तिघांनी चहा घेतला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली, एक सेकंद इकडं-तिकडं नाही. काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग ते उठले, पुन्हा गाडीत बसले आणि निघाले. फाटकाशी त्यांनी गाडी जरा हळू केली. मी ऐकायला पुढं झालो.

'जवयच हाये,' ते म्हणाले.